पंचनाम्यातली शिवल्यांची जागा

सरकारनं पदाचं नाव बदललं, पण दिवाळे गावात मी अजून तलाठीबाईच. भर समुद्रात जहाजातून तेल सांडलं नि भरतीबरोबर खाडीत शिरलं, तेव्हा नुकसानीचे पंचनामे करायला मलाच पाठवलं. पंचनाम्यात जी जागा येईल तीच साफ होणार, असा आदेश होता.

पहिल्याच घरी माझं डोकं फिरलं. साठीची कोळीणबाई, ओहोटीला खाडीच्या चिखलातून हातानं शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायच्या नि बाजारात विकायच्या, हाच तिचा धंदा. तेलात बरबटलेली टोपली, लुगडं, सगळं तिनं आदल्या दिवशी घासून लख्ख केलेलं. दारात रांगोळीसुद्धा! मी म्हटलं, आता फोटो काय माझ्या कपाळाचा काढू?

"सायब लोक घरान येनार, नि आमी घान ठेवू?" तिनं मलाच सुनावलं.

होडीवाल्यांचं निभावलं. होडीला नंबर असतो, जाळी काळी पडलेली दिसत होती. हिच्याकडं ना होडी, ना जाळं, आणि माझ्या फॉर्ममध्ये हातानं वेचणाऱ्यांसाठी रकानाच नाही. 'नुकसान आढळले नाही' लिहून मोकळी झाले असते, तर कोणी जाब विचारला नसता. खोटं कशाला बोलू, पेनाचं टोपण काढलंही होतं.

पण तिचा चेहरा बघवेना. म्हटलं, चला, जागा दाखवा. मी परभणीकडची. चिखल म्हणजे शेतातला, एवढंच मला ठाऊक. दहा पावलांत गुडघाभर रुतले. चप्पल गेली ती गेलीच. पाय उपसला तर डांबर फासल्यासारखा काळा! आईशप्पथ, इतका आनंद मला बढतीचाही झाला नव्हता. तिथंच उभं राहून स्वतःच्या पायांचा फोटो काढला आणि शेऱ्यात तिची सगळी जागा लिहिली. ती खोबरेल तेलानं माझे पाय पुसताना हसून हसून बेजार. साहेबांनी फोटो बघून नाक मुरडलं, पण सही केली.

सफाईचं पथक आलं. काळा थर खरवडायला गावातल्याच बायका रोजानं घेतल्या, त्यात तीही होती. पावसाळा गेला नि शिवल्या परत दिसू लागल्या. सरकारनं त्या तपासून खायला हरकत नाही असा कागद दिला. तो घेऊन मी मोठ्या ऐटीत तिच्या घरी गेले. पण गिऱ्हाईक धास्तावलेलं होतं आणि खुद्द तिनंही अजून एक शिवली तोंडात घातली नव्हती.

तिनं कागद माझ्याकडून वाचून घेतला, घडी घालून परत दिला.

"कागदाचा ऱ्हाऊ द्या. तुमी खाल का?"

सही साहेबांची, पोट माझं. पण आता नाही म्हटलं असतं, तर त्या कागदाला चुलीत घालण्याइतकीही किंमत उरली नसती. म्हटलं, करा कालवण.

शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. मी भाकरी मोडली, एक शिवली खाल्ली. तिखट, खारट, दाताखाली जराशी रेती. तेलाचा वास नाही. मी दुसरी घेतली.

तशी तिनं माझ्याच ताटात हात घातला, एक उचलून खाल्ली, सावकाश चावली. मग शेजारणींकडं वळून म्हणाली, "उद्या ओहोटीला निगू गो."