कोळसेवाल्याची बायको आणि फेकलेली लोकर

आमच्यात सुनेनं सासूसासऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नसतं. लग्न होऊन कारा-बुलुनला आले तेव्हापासून मी सासूला अपा आणि सासऱ्यांना अता म्हणत आले. पण आज गोष्टच त्यांची सांगायची आहे, तेव्हा एकदाच नावं घेते आणि मोकळी होते. माझ्या सासूचं नाव कानिशाय, सासऱ्यांचं मुकाम्बेत. आणि ही जी कानिशाय, तिच्यामुळे आमच्या गावात घरटी निम्मा कोळसा वाचतो. हे मी सून म्हणून फुशारकीनं सांगत नाही. कुणालाही विचारा. शेजारच्या बुरमाकानला विचारा, तीसुद्धा आता हेच सांगेल.

अपांची उमर सामूहिक शेतीच्या लोकरीच्या गोदामात गेली. लोकर निवडायची, धुवायची, गाठोडी बांधायची. मग देश वेगळा झाला, शेती मोडली, मेंढ्या घरोघर वाटल्या गेल्या आणि गोदामाला कुलूप लागलं. आमच्या मेंढ्यांची लोकर जाडीभरडी, ती विकत घ्यायला कुणी येईना. कातरणी झाली की लोक पोती भरभरून ओढ्यात लोटून द्यायचे. अपांना ते बघवत नसे. "अन्न फेकल्यासारखं वाटतं," म्हणायच्या आणि तोंड फिरवायच्या.

अतांच्या वाट्याला एक जुना ट्रक आला होता. घाटापलीकडच्या खाणीतून कोळसा आणायचा आणि आमच्या खोऱ्यात विकायचा, यावर आमचं घर चालायचं. माझा नवरा बिश्केकला इमारतींच्या कामावर. घरी आम्ही दोघी, अता आणि माझी लहान मुलगी. लोकांना वाटायचं, कोळसेवाल्याचं घर म्हणजे ऊबच ऊब. प्रत्यक्षात आम्ही जाळलेलं प्रत्येक पोतं म्हणजे न विकलेलं पोतं. अता पोती मोजून घरात टाकायचे आणि आम्ही सगळे हिवाळाभर एकाच खोलीत, चुलीला चिकटून. पलीकडच्या खोलीत बादलीतलं पाणी गोठायचं.

एका सकाळी रात्रभराचा बर्फ थांबला होता. मी गोवऱ्या आणायला बाहेर पडले तर अपा अंगणाच्या मधोमध उभ्या. डोकं वर, तोंड उघडं.

"अपा, काय झालं? पडाल!"

"पोरी, आपलं छप्पर बघ."

बघितलं. छपरावरचा बर्फ वितळून पत्रे काळे दिसत होते, कडेला बर्फाच्या सुया लोंबत होत्या.

"आता मेंढ्यांचा गोठा बघ."

गोठ्याच्या छपरावर बर्फ जाडच्या जाड, पांढराशुभ्र, जसा पडला तसा.

"गोठ्यात चूल नाही ना, म्हणून," मी म्हटलं.

"मेंढ्यांच्या अंगाची ऊब काय कमी असते? आत जाऊन बघ, घरापेक्षा गरम आहे. त्यांच्या डोक्यावर माळाभर गवत रचलंय, म्हणून ऊब आतच राहते. आणि आपल्या डोक्यावर काय? नुसत्या फळ्यांची तक्तपोशी, अन् वर पत्रा. तुझा सासरा घाट ओलांडून, जीव धोक्यात घालून कोळसा आणतो आणि मी त्यानं आकाश तापवतेय!"

गवत घालायचं तर गुरांनी काय खायचं? अपांचं डोकं मात्र गवताशी थांबलेलं नव्हतं. उन्हाळ्यात कातरणी झाली आणि लोक पोती घेऊन ओढ्याकडे निघाले, तशा अपा वाटेत उभ्या राहिल्या. "फेकताय ना? मग माझ्या अंगणात फेका." लोकांना काय, तेवढीच चाल वाचली. आठवड्यात आमच्या अंगणात लोकरीचा डोंगर झाला. आम्ही दोघींनी ती सगळी माळ्यावर चढवली आणि तक्तपोशीवर दाबून पसरली.

तो हिवाळा बरा गेला. पण अपांनी घाई केली होती, लोकर न धुता चढवली होती. ऊन तापू लागलं तसा घराला मेंढीचा असा काही वास सुटला की पाहुणा दारातूनच मागे फिरायचा. मग लोकरीला कसर लागली. संध्याकाळी दिवा लावला की फुलपाखरांसारखे किडे भिरभिरायचे, चहात पडायचे, भाकरीवर बसायचे.

शेजारची बुरमाकान कुंपणावरून ओरडली, "अगं कानिशाय, काल रात्री तुझं घर बें बें करत होतं. चारा घातलास की नाही?" आणि चारचौघींना ऐकू जाईल असं म्हणाली, "काटकसर करायला निघाली आणि नुसती कसर पदरात पडली!"

आख्खं गाव हसलं. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं होतं. अता हसले नाहीत. "उद्याच्या उद्या ती घाण खाली काढ," एवढंच म्हणाले.

अपांनी काढली. एकटीनं. मला वाटलं, आता ओढ्यात जाणार. पण त्या गाडग्यात राख घेऊन नदीवर निघाल्या. "चूक लोकरीची नाही, माझी आहे," म्हणाल्या. "गोदामात इतकी वर्षं धुतली आणि स्वतःच्या घरी आळस केला. चल, बाह्या वर कर."

राखेच्या गरम पाण्यात भिजवायची, नदीत खळबळून काढायची, दगडांवर वाळवायची, पिंजायची. माझी बोटं सोलवटून निघाली. मग आम्ही डोंगरावरून कडू दवण्याचे भारे आणले. तो वास किड्यांना सोसत नाही. माळ्यावर आधी चिखलाचा पातळ थर, तो सुकल्यावर वाळलेला दवणा, मग वीतभर लोकर, पुन्हा दवणा, वर पुन्हा मातीचा लेप. उरलेल्या लोकरीचे नमदे, म्हणजे थापून केलेले जाड गालिचे, करून दाराला आतून ठोकले आणि खिडक्यांना रात्री लावायला जाड पडदे शिवले.

त्या हिवाळ्यात पहिला मोठा बर्फ पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी दार धडधडलं. बुरमाकान. तोंडावरचा रंग उडालेला.

"जिवंत आहात ना गं सगळे?"

"का? काय झालं?"

"छपरावरचा बर्फ वितळलाच नाही तुमच्या! मला वाटलं चूल विझली, झोपेतच गारठलात!"

अपांनी तिला आत ओढलं. माझी मुलगी नुसत्या झग्यावर, अनवाणी, पलीकडच्या खोलीत खेळत होती. त्याच खोलीत, जिथं पाणी गोठायचं. बुरमाकाननं शाल काढली, मग कोट काढला, मग भिंतीला हात लावून बघितला.

"दोन चुली पेटवल्यात?"

"एकच. आणि तीही सकाळपासून विझलेली आहे," अपा म्हणाल्या. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

बुरमाकान "बरं बरं" करत निघून गेली. तिला ते पटलं, पण मान्य करवेना. बाकीच्यांचं तसं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात बायका एकेक करून येऊ लागल्या. एजे म्हणजे थोरली बहीण. कानिशाय एजे, आमच्याकडे येऊन दाखवा. एजे, राख किती घालू? एजे, माती कुठली आणू? अपा प्रत्येकीच्या घरी गेल्या, प्रत्येकीच्या माळ्यावर चढल्या. घेतलं काही नाही. फार तर चहा आणि तेलात तळलेले कणकेचे गरम बोरसोक.

अतांच्या ते लक्षात आलं तेव्हा मात्र ते भडकले. जेवता जेवता वाडगा खाली आदळला.

"स्वतःच्या घरात केलंस, मी गप्प बसलो. आता गावाला शिकवत सुटलीस? तू कोळसेवाल्याची बायको आहेस, विसरलीस का? माझ्याच पोटावर पाय देतेस!"

अपा शांतपणे म्हणाल्या, "सालिमाची पोरं हिवाळाभर खोकतात. तुमचा कोळसा घ्यायला तिनं मागच्या वर्षी दुभती गाय विकली. ते पैसे हातात घेताना तुम्हाला तरी गोड लागले का?"

"घाट काय मी मौजेसाठी चढतो?"

"नाही. म्हणूनच म्हणते, कमी वेळा चढा."

अता उठून गेले. त्यानंतर बरेच दिवस ते अपांशी थेट बोललेच नाहीत. माझ्यामार्फत बोलायचे. "तुझ्या सासूला विचार, मोजे वाळत घातलेत का." आणि अपा समोरच बसलेल्या!

मग तो वाईट हिवाळा आला. फेब्रुवारीत अता कोळसा भरायला पलीकडे गेले आणि मागे घाटात बर्फाचा कडा कोसळला. रस्ता बंद. खाणीवर अडकलेल्या ड्रायव्हरांना तिथंच थांबावं लागलं. तेवढा निरोप आला, बाकी काही नाही. गावात तर लोकांनी कोळसा शेवटच्या खेपेच्या भरवशावर जाळून टाकलेला. थंडी अशी, की थुंकलं तर जमिनीवर पडेपर्यंत बर्फ.

ज्यांच्या माळ्यावर लोकर होती त्यांचं भागलं. मूठभर कोळसा, वर गोवऱ्या, आणि रात्र निघायची. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी आधी कुंपणं जाळली, मग कोंबड्यांची खुराडी. अपा रोज सकाळी गावातून फेरी मारायच्या आणि छपरं बघायच्या. कुठल्या धुराड्यातून धूर नाही, ते हेरायच्या आणि सरळ दार वाजवायच्या. "बिऱ्हाड उचला. सालिमाकडे जागा आहे." त्याच सालिमाकडे, जिचा माळा अपांनी लोकरीनं भरून दिला होता, तीन कुटुंबं राहिली.

बुरमाकान मात्र येईना. तिची लेक बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता. शेवटी अपाच गेल्या. मीही मागोमाग. घरात सगळे कोट घालून बसलेले, तान्हं बाळ लेकीच्या अंगरख्यात. बुरमाकान अपांकडे बघेचना.

"हसायला आलीस?" ती म्हणाली.

"हसायला नंतर येईन, आत्ता वेळ नाही," अपा म्हणाल्या. "बाळाला दे इकडे. आणि तू ती पितळी किटली घे, आमची गळते."

बुरमाकान रडायला लागली. रडत रडतच किटली उचलली. बाळ आमच्या घरी वाढलं चांगलं महिनाभर. रात्री दोघी म्हाताऱ्या गप्पा मारत बसायच्या. एकदा बुरमाकाननं वर तक्तपोशीकडे बघत हळूच विचारलं, "किती पोती लोकर लागेल गं मला?" अपा म्हणाल्या, "तुझ्या जिभेएवढी लांब अंथरायची तर बरीच लागेल." मग दोघी इतक्या हसल्या की बाळ जागं झालं.

घाट उघडला. अता भरलेला ट्रक घेऊन आले. ते पुढे कित्येकदा सांगायचे, की वाटभर त्यांच्या मनात एकच होतं: घरात काय बघायला मिळेल? वेशीवर त्यांनी ट्रक थांबवला. गावातल्या सगळ्याच छपरांवर बर्फ जसाच्या तसा, लोकर नसलेल्यांच्याही. बुरमाकानला वाटलं होतं तेच त्यांना वाटलं.

धावत आत आले. टोपी, कोट, मिशा सगळं पांढरं. आत बुरमाकानच्या घरच्यांसकट आम्ही बारा जणं चहा पीत बसलेलो. कुणीतरी सरकून जागा केली. अतांनी कोट काढला, बूट काढले, थोड्या वेळानं आतली बंडीही काढली. अपांनी वाडगा पुढे केला. कितीतरी दिवसांनी ते थेट अपांशी बोलले.

"तूच हे सगळं..." एवढं म्हणाले आणि वाडगा हातात घेतला.

अपा म्हणाल्या, "चहा प्या आधी. गार होत नाही म्हणा इथं."

आणलेला कोळसा त्यांनी नेहमीच्याच भावात दिला. दुसरे ड्रायव्हर तेव्हा दुप्पट घेत होते.

आणि त्यानंतर माझ्या सासऱ्यांनी जे सुरू केलं, त्याची गंमत आजही लोक सांगतात. आसपासच्या गावात कोळसा विकायला गेले की पोती उतरवायच्या आधीच सुरू व्हायचे: "थांबा. घ्याल कोळसा, पण आधी हे सांगा, तुमच्या छपरावरचा बर्फ वितळतो का? वितळतो? मग माझ्या बायकोला बोलवा. माझ्या घरी निम्म्या कोळशात हिवाळा निघतो. निम्म्या! अहो, मी कोळसेवाला आहे, मी खोटं कशाला सांगू?" खाणीवरचे ड्रायव्हर त्यांना चिडवायचे, "मुकाम्बेत भाऊ, गिऱ्हाईक पळवायला स्वतःच निघालात की!" अता छाती पुढे काढून म्हणायचे, "तुमच्या बायका करून दाखवतील का?" जिथं कोळसा उतरवायचे तिथूनच फेकायची लोकर ट्रकमध्ये भरून आणायचे. पुढे अपांनी बायकांचा एक गटच केला. गावोगाव जाऊन माळे भरून द्यायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. बुरमाकान त्यात नमदे ठोकण्यात सगळ्यांत तरबेज.

आमच्या घरी पैसे साठले तेव्हा अपा त्याचं काय करणार, याची गावाला उत्सुकता होती. कुणी म्हणालं घोडी घेतील, कुणी म्हणालं रंगीत टीव्ही. एके दिवशी अपा अतांबरोबर ट्रकमधून नारीन शहरात गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या त्या पुढचे दोन दात सोन्याचे करून.

बुरमाकान कुंपणाशी थबकली. "अगं बाई! इतकी काटकसरीची तू, गोवरीचा चुरासुद्धा झाडून घेणारी, आणि सोन्याचे दात?"

"मग वाचवलं कशाला? पुरून ठेवायला?" अपा म्हणाल्या, आणि तिला नीट दिसावेत म्हणून उन्हाकडे तोंड करून हसल्या. ट्रकचं दार लावता लावता अता तिरप्या नजरेनं बुरमाकानकडे बघत होते. तिनं ते दात पुरते पाहिले की नाही, याची खात्री करून घेत.