वीज गेली आणि बोट माझ्या गाडीकडे

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले तरी डोकं तापलेलंच आहे.

आज इथे अमेरिकेत, आमच्या ईडन प्रेरी गावात भयंकर ऊन होतं, घरोघरी एसी फुल. शेजारच्या जोशीकाकांकडे गौरींचं जेवण होतं. घरात धूर नको म्हणून आम्ही गराजमध्ये एक्स्टेन्शन ओढून पाच इलेक्ट्रिक तव्यांवर पुरणपोळ्या भाजत होतो. सहाला अख्ख्या गल्लीची वीज गेली!

काका सगळ्यांसमोर म्हणाले, "हिची ती प्लगवाली गाडी! मी सांगत होतो."

अहो, माझ्या चार्जरला वीज कंपनीने प्रयोगासाठी डबा बसवलाय. लोड वाढला की चार्जिंग आपोआप बंद होतं. दुपारी चारलाच बंद झालं होतं, मी स्वतः त्याचा लाल दिवा पाहिलाय. हे सगळं सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "असू दे गं, तरी वायर काढून ठेव."

काढली. तासाभराने वीज आली आणि लगेच पाचही तवे पुन्हा सुरू!

तुमच्याकडेही नव्या वस्तूवरच आधी खापर फुटतं का हो?

आणि खरा संताप कशाचा आहे सांगू? त्यातला एक तवा माझा होता. गाडी चारलाच थांबली होती. मी वीज आल्यावरसुद्धा पोळ्या भाजतच होते.