अकराव्या उद्दिष्टाची चौकट

भंडारा जिल्ह्यात आजवर जेवढं हिंदी शिकवलं गेलं असेल, त्याहून जास्त, हिंदी कशासाठी शिकवायचं हे आमच्या हिंदीच्या सरांनी एकट्यानं लिहून ठेवलेलं आहे. साकोलीकडच्या एका गावातल्या हायस्कूलात मी गणित शिकवायचो आणि ते हिंदी. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हापासून ते निवृत्त होईपर्यंत आमच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये एकच कुडाची भिंत होती, त्यामुळे त्यांचा खोकलाही मला पाठ आहे आणि उद्दिष्टंही. बी.एड.च्या कॉलेजात उद्दिष्टं सगळ्यांनाच शिकवतात. बाकीचे ती परीक्षेत लिहितात, पास होतात आणि घरी जाऊन आंघोळ करतात. सर त्या आंघोळीला मुकले. एकवीस उद्दिष्टं त्यांनी उराशी धरली आणि पंचवीस वर्षं सोडली नाहीत.

या एकवीस उद्दिष्टांसाठी त्यांच्याकडे एक लांबलचक, लाल पुठ्ठ्याची वही होती. डावीकडे वर्गातल्या मुलांची नावं, वर आडवे उद्दिष्टांचे आकडे आणि मध्ये चौकटीच चौकटी. उद्दिष्ट साध्य झालं की लाल शाईची बरोबरची खूण, नाही झालं तर चौकट कोरी. तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली पहिली पंधरा मिनिटं आजच्या पाठाची उद्दिष्टं सांगण्यात जायची आणि शेवटची पंधरा ती साध्य झाली का हे पाहण्यात. मधल्या पाच मिनिटांत हजेरी व्हायची. दिवाळीपर्यंत पुस्तकातले तीन धडे झाले तर ते वर्ष वेगाचं समजायचं. मुलं आपली साकोलीहून गाइड आणून पास होत होती आणि तपासणीला येणारे साहेब ती लाल वही पाहून दर वर्षी गहिवरत होते. एका साहेबांनी तर शेरा लिहिला होता की, अशी वही जिल्ह्यात दुसरी नाही. ते खरंच होतं. असती तर जिल्ह्यात हिंदी उरलं नसतं. आमचे मुख्याध्यापक मुळात धानाच्या बांधीतले माणूस, ते एकदा वैतागून म्हणाले, "सर, तुमी नांगरच पुजून राहिले जी. कधी बैल जुपान का नाही?" सरांनी शांतपणे उत्तर दिलं, "पूजनाचं उद्दिष्ट आधी स्पष्ट व्हावं लागतं."

नववं उद्दिष्ट होतं, 'काव्यसौंदर्याने विद्यार्थी पुलकित होतो.' आता पुलकित झालेला विद्यार्थी ओळखायचा कसा? आम्ही सोडून दिलं असतं. सर कविता म्हणत बाकांमधून फिरायचे आणि वाकून मुलांच्या हातावरचे केस उभे राहिलेत का ते पाहायचे. पावसाळाभर वर्ग कोरडाच राहिला. मग डिसेंबरातल्या एका सकाळच्या शाळेत, तलावावरून वारा सुटलेला असताना, अख्खी नववी एका झटक्यात पुलकित झाली. सरांचे डोळे भरून आले. मागच्या बाकावरचा एक प्रामाणिक मुलगा म्हणाला, "सर, थंडी वाजून राहिली," तेवढ्या एकाची चौकट कोरी राहिली.

शाळेबाहेरही हे चालायचंच. माझं लग्न ठरल्याची बातमी सांगायला गेलो तर त्यांनी अभिनंदनाआधी विचारलं, "उद्दिष्टं लिहून काढलीत का?" मी म्हटलं, मुलीच्या वडिलांनी काढली असतील. चहाचीही त्यांनी फोड केली होती. सामान्य उद्दिष्ट तरतरी, विशिष्ट उद्दिष्ट तिसऱ्या तासाला झोप न लागणे. वहिनी बिचाऱ्या भिंतीपलीकडून म्हणायच्या, "भाजी कायची करू सांगा ना, कायले करू ते नका सांगू." बोलायचे मात्र सर पुस्तकी मराठीत, नाहीतर त्याहून पुस्तकी हिंदीत. ते मूळचे करडीचे, धानाच्या चिखलात वाढलेले. पण इकडच्या झाडीबोलीचा एक शब्द त्यांच्या तोंडून कधी निसटला नाही. शिक्षकाच्या तोंडात ती शोभत नाही, असं त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी ठरवलं आणि त्यानंतर आईशी बोलतानासुद्धा ते पाळलं. आई कमी बोलायला लागली, पण ते कुठल्या चौकटीत बसत नव्हतं.

इथवर हसण्यासारखं होतं आणि मी भरपूर हसलोही. मग माझ्या नववीत अनुसया आली. ढिवर मोहल्ल्यातली, तलावातले मासे धरून विकणाऱ्या घरातली. गणितात चांगली, अक्षर नेटकं, पण हिंदीच्या तासाला तोंड उघडेल तर शपथ. तिच्यापुढच्या चौकटी पहिल्यापासून एकविसाव्यापर्यंत कोऱ्या होत्या. वर्गातल्या मुलींनी मला त्याचं कारण सांगितलं. आठवीच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी काही विचारलं, ही उभी राहिली आणि बाजारात बोलतात त्या हिंदीत धडाधड उत्तर देऊन मोकळी झाली. सर म्हणाले, "यह भाषा कहाँ से उठा लाई हो? बाज़ार से?" वर्ग हसला. ती बसली ती बसलीच. मी विचारलं तेव्हा सरांना हे आठवतही नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं ते पहिलं उद्दिष्ट होतं, 'विद्यार्थी शुद्ध भाषेचा आग्रह धरतो.'

हिंदीच्या तोंडी परीक्षेचे गुण सर वहीवरूनच द्यायचे. वही कोरी म्हणजे गुण शून्य आणि गुण शून्य म्हणजे अनुसया नववीत नापास. मार्च जवळ आला तसा तिचा बाप माझ्याकडे आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "गुरुजी, पोरगी पास होत असन तं शिकू द्या. नापास झाली तं मी काहून ठिवू शाळेत? बजारात तिची माय एकटी पडते." रागावला नव्हता, हिशेबाचं बोलत होता. मी संध्याकाळी सरांकडे गेलो आणि म्हटलं, अकराव्या चौकटीत तरी एक खूण टाका, पोरगी निघून जाईल. अकरावं उद्दिष्ट होतं, 'अनोळखी व्यक्तीशी निर्भयपणे संवाद साधून आपले म्हणणे पटवून देतो.' त्याला गुण सगळ्यांत जास्त होते.

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की, जणू मी त्यांना दारू पाजायला आलो आहे. "खोटी खूण? या वहीत?"

माझं डोकं फिरलं. "वर्गात अनोळखी माणूस येणार कुठून सर? चाळीस पोरं एकमेकांना पाळण्यापासून ओळखतात. एवढं खरं पाहिजे तर न्या सगळ्यांना सानगडीच्या बाजारात."

मी टोमणा मारला होता. सरांनी तो टिपून घेतला. दोन दिवसांत 'क्षेत्रभेट' म्हणून सात पानी योजना तयार झाली, मुख्याध्यापकांची सही झाली आणि बाजाराच्या दिवशी नववीची चाळीस मुलं धुतलेल्या कपड्यांत सानगडीला निघाली. वर्गशिक्षक म्हणून मीही मागून चाललो. अनुसया नव्हती. बाजाराच्या दिवशी ती कधीच नसायची; वर्ग थंडीनं पुलकित झाला तो दिवसही बाजाराचाच होता. सरांच्या हजेरीत अशा दिवशी तिच्या नावापुढे नेमानं गैरहजेरी लागायची. ती कुठे असते, हे विचारण्याचं उद्दिष्ट एकविसांत नव्हतं.

आता त्या बाजारात काय झालं ते समजायला एवढं ध्यानात घ्या की, त्याच हंगामात वजनमापवाले साहेब दोनदा येऊन गेले होते. कोट घातलेले, हातात लांब वही, नाव-गाव विचारून लिहून घेणारे. आणि आमच्या बाजारात निम्म्या तराजूंत किलोच्या जागी नदीतला गोटा होता. त्या बाजारात कोट घातलेले आमचे सर शिरले, हातात लाल वही, उघडं पेन. आणि त्यांच्या इशाऱ्यासरशी चाळीस मुलं चारी वाटांनी पसरली आणि दिसेल त्या दुकानदारासमोर हात जोडून घोकलेलं वाक्य म्हणू लागली, "श्रीमान, कृपया बताइए, आपका शुभ नाम क्या है और आप कहाँ के निवासी हैं?"

असलं हिंदी बाजारात फक्त सरकार बोलतं. पहिल्यांदा मिरचीवाल्यानं तराजू पोत्याखाली सारला. मग लसणाचा ढीग उठला, गुळावर चादर पडली, बांगड्यावाली टोपलं डोक्यावर घेऊन चालू लागली. बाजार डोळ्यांदेखत आटला. ज्या मुलांना शुभ नाम सांगायला कुणी उरलं नाही, ती पळणाऱ्यांच्या मागे धावत "श्रीमान, श्रीमान" करू लागली आणि त्यामुळे श्रीमान आणखी जोरात पळू लागले. सर मध्ये उभे राहून कौतुकानं खुणा करत होते. तेवढ्यात बालाघाटकडचा एक कांदेवाला पुढे आला. आडदांड माणूस. त्याचं नाव आधी दोनदा लिहिलं गेलं होतं. त्यानं सरांच्या हातातली वही हिसकावली आणि म्हणाला, "हर बार हमारा ही नाम मिलता है क्या, साब? आज बता दो, क्या लिखा है."

भोवती माणसं जमली. सर पांढरेफटक पडले. हिंदीच्या साऱ्या परीक्षा पहिल्या नंबरानं पास झालेला माणूस, पण त्यांच्या तोंडून एक शब्द फुटेना. ओठ हलायचे आणि थांबायचे. मी गर्दीच्या मागे अडकलो होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती.

मासोळीबाजारातून अनुसया आली. आपला वर्ग येताना पाहून इतका वेळ ती टोपल्याआड तोंड फिरवून बसली होती, हे नंतर कळलं. हाताला खवले चिकटलेले, तशीच माणसांना बाजूला सारत ती कांदेवाल्यासमोर उभी राहिली.

"ओ भैया, वो वही छोडो. ये साब-वाब नहीं है, हमारे इस्कूल के मास्तर है."

"फिर नाम काहे को लिखता है?"

"नाम नहीं लिखते. खाली खूण मारते. तुम घबराओ नको, ये किसी का कुछ नहीं करते."

"पक्का?"

"पक्का. मैं दो साल से इनके सामने बैठती. मेरे को एक खूण नहीं दिये, तो तुमको क्या देंगे?"

कांदेवाला आधी तिच्याकडे, मग सरांकडे पाहत राहिला आणि मग पोट धरून हसला. सगळे हसले. त्यानं वही कमरेला पुसून सरांना परत दिली आणि वर दोन कांदे त्यांच्या हातावर ठेवले. अनुसया मात्र हसली नाही. सरांकडे न बघताच ती परत टोपल्यामागे जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर सर मुलांच्या मागे, माझ्या बरोबरीनं चालत होते. दोन्ही हातांत एकेक कांदा. एकोडीचा फाटा आला. तेव्हा सर एकदम म्हणाले, "मोठी धीट पोरगी हाये बाप्पा. मी तं भेलोच होतो." मी दचकून पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना त्यांच्या आईच्या भाषेत बोलताना ऐकत होतो. मला थट्टा करायची होती, पण जमली नाही.

तरीही चार दिवस त्यांनी मला घोळवलं. पहिलं उद्दिष्ट नाही, दुसरं नाही, भाषा अशुद्ध, मध्ये मराठी. मी एवढंच विचारलं, "कांदेवाल्याला पटलं की नाही?" पाचव्या दिवशी त्यांनी अकराव्या चौकटीत बरोबरची खूण केली. आणि वर्गात जाऊन, सगळ्यांसमोर, "अनुसया, मी तुला दोन वर्षांपूर्वी जे बोललो ते चुकलं," असं म्हणाले. मुलींनीच मला ते येऊन सांगितलं. ती काय म्हणाली, असं मी विचारलं. "काही नाही," मुली म्हणाल्या, "पर मंग तासभर बोलतच होती." ती नववी पास झाली, पुढे दहावीही झाली. आज तलावाच्या मासळीसाठी नागपूरचे व्यापारी येतात तेव्हा भाव ठरवायला मोहल्ल्यातले लोक तिलाच पुढे करतात.

सर सन पंच्याऐंशीच्या आसपास निवृत्त होऊन करडीला गेले. सामान बैलगाडीत चढवताना त्यांनी आपल्या वह्यांचा गठ्ठा माझ्या दारात ठेवला, म्हणाले, "गणितवाले, तुम्हाला हसायला होतील." मीही त्याच विचारानं ठेवून घेतल्या. दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं तेव्हा त्यांतली नववीची ती लाल वही काढली. बाजाराच्या वर्षाचं पान उघडलं. थंडीनं पुलकित झालेला वर्ग होता, अनुसयेच्या ओळीतली ती एकटी खूण होती. आणि शेवटच्या नावाच्या खाली आणखी एक ओळ होती. तिथे सरांनी त्याच लाल शाईनं, हजेरीत लिहितात तसं, स्वतःचं नाव लिहिलं होतं. वीस चौकटींत बरोबरच्या खुणा होत्या. अकरावी कोरी होती.

माझ्या खिशाला पेन होतं. वाटलं, टाकावी एक खूण, कोण बघतं आहे. आणि भिंतीपलीकडून बोलल्यासारखा तो आवाज आला, खोटी खूण, या वहीत? मी पेन परत ठेवलं. या माणसाला मी इतकी वर्षं हसलो. बाजारात त्या दिवशी भ्यालो तर मीही होतो, पण माझ्याकडे तशी वही असती, तर ती चौकट मी केव्हाच भरून टाकली असती.