यंदा सात नंबर नाही

सांगलीहून निघाले तेव्हा माझ्यापाशी पाठीवरची पिशवी आणि एक भलामोठा गठ्ठा होता. गठ्ठ्यात माण तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेसाठी शिवलेल्या बेसबॉलच्या जर्सी होत्या. मी कृत्रिम तंतूंवर संशोधन करते. ज्या खेळाचे मैदान सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत सहसा दिसत नाही, त्याचा पोशाख इथल्या तरुणांच्या अंगावर कसा आला, हे मला शोधायचे होते. त्यावर चांगला शोधनिबंध होईल, याची मला खात्री होती.

जर्सी छापणारे बाळगोंडा अण्णा कुपवाड रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. उष्णतेने रंग कापडात उतरवणाऱ्या यंत्राशेजारी उभे राहून त्यांनी मला एक जर्सी उलगडून दाखवली. समोर उघडणारी बटणे, उभे बारीक पट्टे, गोलाईत कापलेली खालची कड, छातीवर भैरोबाचे नाव आणि पाठीवर मुलाचे नाव व क्रमांक.

"ही फॅशन त्या गावात सागरनं आणली," अण्णा म्हणाले. "मुंबईला कपड्याच्या गोडावनात कामाला हुता. तिथनं असला एक शर्ट घालून यात्रेला आला. म्हातारी माणसं म्हणाली, पायजम्याच्या कापडाचा सदरा शिवलाय व्हय रं? पुढच्या साली पोरांच्या आख्ख्या मंडळानं तसलाच काढला. सागरचा नंबर सात."

सागर नंतर मुंबईत रस्त्यावरच्या अपघातात गेला. तरीही मंडळ दरवर्षी त्याच्या नावाची जर्सी काढत असे आणि ती त्याच्या आईला देत असे. यंदा मात्र मुलांनी सात नंबर छापू नका असे कळवले होते. अमेरिकेत मोठ्या खेळाडूचा क्रमांक कायमचा बंद करतात आणि तो पुन्हा कोणालाच देत नाहीत, हे त्यांनी मोबाइलवर पाहिले होते.

मी थक्क झाले. वस्त्रामागून त्याची प्रथाही इतक्या दूर यावी! माझ्या निबंधाचा शेवटच मला सापडला होता. गठ्ठा पोचवायला माणूस नव्हता, म्हणून तो मीच मागून घेतला.

एसटीत वाहकाने गठ्ठ्याला पायाने ढोसून पाहिले. "ताई, नवरामुलगा बांधून नेतायसा काय?"

"जर्सी आहेत."

"मग बरं हाय," असे म्हणून तो विट्यापर्यंत त्याच्यावरच बसून राहिला. विट्याच्या पुढे ऊस विरळ झाला. मायणी मागे पडल्यावर तर हिरवा रंग फक्त बाभळींपुरता उरला. उघड्या माळावर मेंढ्यांचे कळप सावलीच्या ठिपक्यांसारखे सरकत होते. दहिवडीच्या स्थानकावर मंडळाचा संतोष मोटारसायकल घेऊन आला होता. तोही मुंबईत हमाली करतो आणि यात्रेपुरता गावी येतो. गठ्ठा टाकीवर, मी मागे, अशी आमची वरात निघाली. वाटेत गठ्ठ्याची दोरी सुटली, तेव्हा त्याने ती स्वतःच्या करगोट्याच्या दोऱ्याने बांधली आणि म्हणाला, "विज्ञानात बसतं का ताई हे?"

देवळासमोर मुलांनी गठ्ठ्यावर झडप घातली. प्रत्येक जण आपले नाव शोधत होता. "आरं गड्या, पोटावरचं बटन लागंना तुझं! मुंबईचा वडापाव उतर आदी!" असा एकच कालवा उठला. मला कोणीतरी हुलग्याचे माडगे (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) आणून दिले. मी वाटी तोंडाला लावणार इतक्यात गलका थांबला.

सुलाकाकी आल्या होत्या. सागरच्या आई. डोक्यावरचा पदर नीट करून त्या संतोषसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

संतोष म्हणाला, "काकी, यंदा सागरचा नंबर बंद केलाय आमी. तिकडं अमेरिकेत लय मोठा खेळाडू आसला तरच करत्यात. कुनालाच देनार न्हाई आता. मान हाय त्यो."

"खेळाडू? माजं पोर कवा खेळलं रं?"

काकींनी मुलांच्या पाठींवरचे नंबर एकेक करून पाहिले.

"मान केलासा, बरं केलासा," काकी म्हणाल्या. "पर त्याची जरशी कुठं हाय?"

"नंबरच बंद केल्यावर जरशी कशी काढायची, काकी?"

काकींचे हात हळूहळू खाली आले. "माप इचाराय कुनी आलं न्हाई, तवाच वाटलं हुतं. म्हनलं, गडबडीत आसशीला. अंदाजानं काढली आसशीला."

माप कशाचे, ते मला कळेना. शेजारच्या बाईने सांगितले, की दर साली यात्रेआधी संतोष काकींच्या दारात जाऊन सागरचे माप विचारत असे.

"पैल्या साली मिडियम सांगितलं," काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या. "मग लार्ज. यंदा त्याच्याम्होरचं सांगनार हुते. पंचविशीत पोरं अंगानं भरत्यात, पोरी. त्येचा बाप बी तसाच भरला हुता."

मी लगेच मार्ग काढला. अण्णांना आत्ता फोन केला, तर एक जर्सी उद्यापर्यंत छापून येईल, मी स्वतः आणून देईन, असे मी काकींना म्हणाले.

काकींनी माझ्या गालावरून हात फिरवला. "नगं. मंडळानं दिली तर त्यो ह्या पोरांत हाय. तू दिलीस तर निस्तं कापड."

सायंकाळी छबिना (देवाच्या पालखीची मिरवणूक) निघाला. पट्टेरी पाठींची रांग ढोलाच्या ठेक्यावर हलत होती. दरवर्षी पालखी दारात आली की काकी नवी जर्सी दोन्ही हातांवर धरत आणि मुले तिच्यावर गुलाल टाकत, असे शेजारच्या बाईने सांगितले. यंदा काकी ओवाळून बाजूला झाल्या. संतोषने मुठीत गुलाल घेतला, पण तो कुठे टाकावा हे त्याला कळले नाही. मूठ मिटलेलीच ठेवून तो पुढे गेला.

सकाळी त्याने मला स्थानकावर सोडले. "ताई, तुमी शिकल्याल्या. आमचं चुकलं का?"

"नियम बरोबर होता," मी म्हणाले. एवढेच मला प्रामाणिकपणे म्हणता आले.

"म्होरल्या साली काढतो. पर आता इचाराय कुठल्या तोंडानं जाऊ?"

औंधमार्गे साताऱ्याला जाणारी गाडी लागली. यमाईचा डोंगर खिडकीतून बराच वेळ सोबत होता. तोवर मी निबंधाची मांडणी मनात जुळवून पाहत होते आणि ती जुळत नव्हती. बंद केलेला क्रमांक मोठ्या मैदानांवर उंच भिंतीवर लावतात. खेळ पाहायला आलेल्या हजारो माणसांची नजर तिथे जाते, म्हणून बंद होऊनही तो राहतो. या गावात तशी भिंत नव्हती. वर्षातून एकदा एक मुलगा एका दारात जाऊन, "काकी, यंदा सागरचं माप काय?" असे विचारत होता. सागर तेवढ्या प्रश्नात वाढत होता.