उताराच्या वळणावरची पळसाची फांदी

माझा धाकटा भाऊ रोज पहाटे धरणाभोवती सायकल चालवायचा. उताराच्या वळणावर घसरला आणि जागीच गेला, असं सगळ्यांनी मला सांगितलं होतं.

परवा ते वळण बघायला गेलो. शेळ्या चारणारी एक बाई सुटलेल्या गिट्टीवर पळसाची फांदी ठेवत होती, येणाऱ्यांना इशारा म्हणून. त्या दिवसापासून रोज ताजी ठेवते, म्हणाली. मी कोण ते सांगितलं, तशी तिनं पदराला हात पुसले.

"माह्याच मांडीवर डोकं होतं, दादा. मले विचारे, मावशी, सायकलले काही झालं काय?"

म्हणजे तो बोलत होता.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, काहीच नाही झालं, बाबू." फांदीवर दगड ठेवत ती हळूच म्हणाली, "चाक तं पार मुडपलं होतं."