दहा सुतांचं भोक

माझ्या दुर्बिणीचं भोक दहा सुतांचं. आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा दहा म्हणजे सव्वा इंच. बोईसरच्या कारखान्यात मी टर्नर होतो, ते भोक लेथवर स्वतःच्या हाताने काढलेलं. डोळा लावायचं भिंग त्यात सरकवायचं, बाजूचा एक स्क्रू पिळायचा, झालं! जगभरचे हौशी आकाशनिरीक्षक हेच माप वापरायचे.

नव्वद सालाच्या आसपास मुंबईचे एक हौशी गृहस्थ माझ्या मागे लागले. "अहो, हे मोरीचं नळकांडं फेका. आता खाचेत फिरवून खटकन बसणारी भिंगं आलीत." ती एकाच कंपनीची, दुसऱ्या कशातच बसत नसत. मी म्हणालो, "फेकतो की, मेल्यावर!"

त्याच वर्षी मुरबे गावी माझ्या आईचा एक डोळा काचबिंदूने गेला. दुसराही महिन्या-दोन महिन्यांचा सोबती, असं डॉक्टर म्हणाले. जन्मभर जाळी विणलेली बाई. म्हणाली, "मला एकदा चांद जवलून दाखव."

अष्टमीला दिवस मावळताच किनाऱ्यावर दुर्बीण लावली. गृहस्थही एसटीने आले होते, आपली नवी भिंगं घेऊन, मला पटवायला. आणि घाईत माझं भिंग माझ्याच हातून खडकावर पडलं. ठिकऱ्या! त्यांचं एकेक लावून पाहिलं, एकही आत जाईना. हाताने धरलं तर चंद्र नुसता थरथरायचा. "सांगत होतो ना!" गृहस्थ म्हणाले. असा संताप आला! त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त.

पिशवीत जमीन-मोजणीच्या जुन्या दुर्बिणीतलं, भंगारातून उचललेलं एक भिंग होतं, पण नऊ सुतांचं. ढिलं. आईने हात पुढे केला. "डोला गेला, हात नाय गेले. दे हिकडे." तिने भोकात बोट घालून अंदाज घेतला, भिंगाला जाळ्याचा दोरा गुंडाळला, चाचपून आणखी दोन वेढे वाढवले. घट्ट बसलं. मी स्क्रू पिळला.

ती बराच वेळ डोळा लावून होती. मग ओरडली, "अगो बाय! खड्डेच खड्डे हायत की!" मी रडलो. लाज कसली त्यात?

"हा निव्वळ जुगाड झाला," गृहस्थ म्हणाले.

"झाला तर झाला. तुमच्या खाचेत दोरा गुंडाळून दाखवा."

पावसाळ्याआधी दुसरा डोळाही गेला. माझं तोंडसुद्धा तिला दिसेना. पण मासळीबाजारात बसून ती चंद्राचे खड्डे सांगायची, आणि कोणाची टाप होती खोटं म्हणायची!