बसमधली तेवीस डोकी

निवृत्ती पिंगळे मखमलाबादच्या फूलशेतीतला माणूस, पण झेंडूच्या वाफ्यांपेक्षा त्याला जुन्या दगडांचा नाद. शाळेत इतिहास शिकवायचा आणि कुणी पाहुणा आला की गोदाकाठ दाखवल्याशिवाय सोडायचा नाही. सत्त्याण्णवच्या डिसेंबरात पाणीपुरवठा अभियंत्यांची परिषद नाशकात भरली, तेव्हा रोज सकाळी पाहुण्यांना गाव हिंडवून आणायचं काम आपसूक त्याच्याकडे आलं.

पहिल्या दिवशी नारोशंकराची घंटा झाली, दुसऱ्या दिवशी सुंदरनारायणाचं देऊळ. तिसऱ्या दिवशी बस पांडवलेण्यांच्या पायथ्याशी लागली आणि चोवीस जण पायऱ्या चढले. त्यांत मनमाडच्या साधना आहेर होत्या. पन्नाशीच्या, कानाला यंत्र लावणाऱ्या, अबोल. लेण्यांतली पाण्याची कोरीव टाकी पाहून मात्र त्यांची कळी खुलली.

"बघा सर, इतक्या उंचावर यांनी पाणी साठवलं! आणि आम्ही खाली बसून टँकरची वाट बघतो."

त्याच विषयावर साडेनऊला त्या निबंध वाचणार होत्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीतला पहिलाच.

खाली उतरल्यावर निवृत्तीने बसमध्ये डोकी मोजली. तेवीस. पुन्हा मोजली, तरी तेवीसच. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पुढच्या सीटवरचे साहेब घड्याळ दाखवत म्हणाले, "झाले ना सगळे?"

कुणीतरी रिक्षाने पुढे गेलं असेल, असं त्याला वाटलं. खरं तर वाटलं नव्हतं, त्याने वाटून घेतलं.

"झाले," तो म्हणाला.

साधनाबाई सव्वादहाला सभागृहात पोचल्या. साडी धुळीने भरलेली, तुटकी चप्पल हातात. त्यांची निबंध वाचायची पाळी केव्हाच गेली होती. अध्यक्ष माईकवरून म्हणाले, "वेळ पाळता येत नसेल तर नावं कशाला देता?" सगळं सभागृह हसलं. निवृत्ती दारातच उभा होता. बाईंनी नकाशांची गुंडाळी पिशवीत घातली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या.

त्या रात्री त्याने बायकोला सगळं सांगितलं. कलाबाई एवढंच म्हणाली, "हे तिथं सांगायचं होतं, अहो."

दोनदा त्याने पत्र लिहिलं, दोनदा फाडलं. शाळेची सहल लेण्यांवर निघाली की त्याला नेमका ताप यायचा. अशी सात वर्षं गेली. शेवटी एका रविवारी तो मनमाडला गेला, त्याने बाईंचं घर शोधून काढलं आणि ओट्यावर बसून खाली मान घालून बोलला.

बाईंनी कानातलं यंत्र नीट केलं. "ऐकू नाही आलं. पुन्हा सांगा."

मग त्याला ते मोठ्याने सांगावं लागलं. शेजारीण भांडी घासायची थांबली.

"म्हणजे तुम्ही हाक मारलीच नव्हती?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मला वाटायचं, हाक मारली असेल, मलाच ऐकू आली नसेल. मी त्यानंतर कुठंच नाव दिलं नाही हो, सर." मग म्हणाल्या, "आणि हे मला एकटीला सांगून काय होणार? हसले ते तीनशे जण होते."

निवृत्ती घरी आला आणि त्याने परिषद भरवणाऱ्या संस्थेच्या मासिकाला पत्र लिहिलं. झालं ते सगळं, स्वतःच्या नावानिशी. ते आतल्या पानावर एका कोपऱ्यात छापून आलं. अंक त्याने मनमाडला पाठवला.

उत्तर आलं नाही. तरी पोस्टमन शाळेच्या गल्लीत शिरला की पुढे कित्येक महिने त्याचं शिकवण्यातलं लक्ष उडायचं.